पहिलं पान पप्पांनी वाचायचं

मला पुस्तक निवडता येतं, असा माझा जरा तोराच आहे. मधलं कुठलंही पान उघडायचं, थोडं वाचायचं, डोक्यावरून गेलं तर ठेवून द्यायचं. पप्पांना झटका येऊन गेल्यावर मी वाशीच्या एका दुकानात अशीच पुस्तकं उघडत उभी होते. झटका लहान होता, मेंदूच्या मागच्या बाजूला. हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. पण घरी आल्यापासून माणूस बदलला होता. चिडायचे, नाहीतर गप्प बसायचे. त्यांच्या डोक्यात नेमकं काय चाललंय ते मला समजून घ्यायचं होतं, आणि कॉग्निटिव्ह न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदू विचार कसा करतो त्याचं शास्त्र, हा शब्द ऑफिसात कुणाच्या तरी तोंडून ऐकला होता.

मेंदूवरचं सोपं पुस्तक दाखवा म्हटलं, तर दुकानदाराने मुलांची स्मरणशक्ती वाढवायचं पुस्तक पुढे केलं. मग इंग्रजीतले दोन ठोकळे काढले. एकात नुसत्या आकृत्या, दुसऱ्यात एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. शेवटी खालच्या फळीवर एक मराठी पुस्तक मिळालं, पातळसं, नवशिक्यांसाठीच लिहिलेलं. लक्ष कसं लागतं, राग कुठून येतो, आठवण कशी राहते, सगळं घरातलीच उदाहरणं देऊन. एक प्रकरण मेंदू वाचतो कसा यावर होतं. ते मी तसंच उलटलं. पप्पा तर रोज सकाळी गॅलरीत पेपर घेऊन बसतात, आपल्याला त्याचं काय काम, असं मनात आल्याचं पक्कं आठवतं.

आमच्या घरात एक रीत आहे. नवं पुस्तक आलं की ते बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवायचं, मेणबत्ती लावायची, आणि पहिलं पान पप्पांनी मोठ्याने वाचायचं. मराठवाड्यातल्या त्यांच्या घरात अक्षर ओळखणारे ते पहिले. आजोबांनी जन्मभर अंगठाच उठवला. त्यामुळे पहिल्या पानाचा मान पप्पांचा, आम्ही कितीही शिकलो तरी. वाचून झालं की ते आत स्वतःचं नाव घालतात.

रविवारी भाऊ-वहिनी आले होते. मेणबत्ती लावली, मी पुस्तक पप्पांच्या हातात दिलं. ते म्हणाले, आज तू वाच. मी कसली ऐकतेय. चष्मा आणून दिला, लाइट लावला. डोळे दुखतात म्हणाले, तर सगळ्यांसमोर सुनावलं की डॉक्टरांनी मेंदूला काम द्यायला सांगितलंय, आता नाटकं नकोत.

मग त्यांनी पान समोर धरलं आणि सुरुवात केली. मेंदू ही निसर्गाने माणसाला दिलेली मोठी देणगी आहे, तिचा वापर समाजासाठी झाला पाहिजे, वगैरे. आवाज तोच, विहारात भाषण करतानाचा. मी शेजारून पानात बघत होते. त्यातलं एक वाक्यही तिथे नव्हतं.

"पप्पा, हे कुठे लिहिलंय? मनाचं काय सांगताय?"

वहिनीला हसू आलं. पप्पांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"अक्षरं दिसतात गं बाई," ते म्हणाले. "पर ओळखू येईनात. दवाखान्यातून आल्यापासून."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. रोज सकाळी पेपर हातात धरून ते विचारायचे, आज काय विशेष? आणि मी डबा भरता भरता खेकसायचे, हातात आहे ना, वाचा की. बाप समोर बसलेला, आणि त्याचं डोकं समजून घ्यायला मी दुकानात फळ्या धुंडाळत होते. वर जे प्रकरण त्याचं, तेच उलटून आले होते. वहिनी चहा टाकते म्हणून आत गेली.

पप्पांनीच पेन मागितलं. रीत मोडायची नाही म्हणाले. मी नको नको म्हणत होते, आता आणखी एकदा त्यांची फजिती मला बघायची नव्हती. पण हात सराईतासारखा चालला. अक्षर पूर्वीइतकंच वळणदार. वाचणं गेलं तरी लिहिणं हातात राहू शकतं, हे मला नंतर त्याच उलटलेल्या प्रकरणात सापडलं. लिहून झाल्यावर त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"नीट आलंय का बघ," ते म्हणाले. "मला नाही वाचता येत."

त्यांनी माझं नाव घातलं होतं. ते मला मोठ्याने वाचून दाखवावं लागलं.