‘हझबंड’ची फोड

गल्लीत सगळे त्याला ‘डिक्शनरी’ म्हणत; पाठीमागे बायकोसुद्धा. घराच्या पुढच्या, उजेडाच्या खोलीत तो इंग्रजीच्या शिकवण्या घेई. शिकवण्या कसल्या, चारदोन पोरांपुढे पाजळलेलं पांडित्य! मागच्या अंधाऱ्या खोलीत ती शाळांचे गणवेश शिवून घर चालवी. मोठं घर, पोकळ वासा म्हणतात, तसला हा माणूस. खिळा ठोकायला सांगावं, तर हातोडीला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐकवून मोकळा.

त्या दिवशी पुढच्या खोलीत ‘हझबंड’ चालला होता.

“हसबंड नाही रे गाढवांनो, हझ-बंड! दोन तुकडे, जोर पहिल्यावर. फार जुना जोडशब्द. पहिला तुकडा म्हणजे घर. दुसरा म्हणजे त्यात राहणारा, घर सांभाळणारा धनी.”

धनी! शिलाईवर वाकलेल्या तिला हसूच फुटलं. तेवढ्यात भिंतीतला पाइप फुटला आणि पाण्याची चिळकांडी थेट शिवून ठेवलेल्या गठ्ठ्यांवर.

“अहो, धावा! पाइप फुटला!”

“आलोच. व्युत्पत्ती संपू दे.”

तीच धावली. अंगणातला गंजका व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी पिळून बंद केला आणि निथळत पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली.

“पोरांनो, आमच्याकडे फोड वेगळी आहे. इतकी वर्षं मी नुसतं ‘हस’ केलं, हसून सोसलं. आजपासून ‘बंड’.”

“उच्चार चुकला,” तो म्हणाला.

पोरं खो-खो हसली. तिने मात्र त्याच दुपारी शेजारच्या धाकट्या जावेला हाक मारून शिलाईची दोन्ही मशिनं पुढच्या खोलीत ओढली. ओले गणवेश फळ्यावर वाळत घातले.

तो तणतणत पिशवी घेऊन बहिणीकडे गेला. सगळं ऐकून बहिणीने विचारलं, “दादा, घरात पाणी शिरलं तेव्हा तू काय करत होतास?”

तो शब्दाचं मूळ सांगू लागला. तिने पिशवी त्याच्या हातात परत दिली. “जा घरी. वहिनीच्या वाटेत येऊ नकोस.”

आता तो मागच्या ओलसर खोलीत शिकवतो. पोरं गळाली, उरली ती वारा खायला पुढच्याच खोलीत रेंगाळतात. उजेडात तिचे टाके सरळ पडतात, डोळे चुरचुरत नाहीत. संध्याकाळी तो दारात येऊन विचारतो, “चहाचं काय?”

ती मान वर करत नाही. “स्वयंपाकघर तिकडे आहे.”