रविवारचा उपास

आमच्या ह्यांच्या मते आमचा कुत्रा जैन होता. आम्ही स्वतः जैनच, त्यामुळे मला त्यात हरकत घ्यायचं कारण नव्हतं. पण माणसानं जन्मानं जैन असणं वेगळं आणि आष्ट्याच्या बसस्टँडमागच्या उकिरड्यावर सापडलेल्या पिल्लानं आपणहून जैन होणं वेगळं, असं मला वाटायचं. ह्यांना वाटायचं नाही. मागच्या जन्मीचं काहीतरी पुण्य असणार, असं म्हणून हे त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. अजून ते नाव कानावर पडलं की हे ताटावरून उठतात.

पुरावे ह्यांच्याकडं तयार असायचे. तो दूधभाकरी खायचा, तूपगुळाची दशमी मिटक्या मारत खायचा, दिवस मावळल्यावर तोंडात काही घ्यायचा नाही. आता आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून भांडी पालथी पडलेली असतात, मग त्याला तरी कोण आणि काय देणार? पण सगळ्यात मोठा पुरावा होता रविवारचा. रविवारी संध्याकाळी त्याच्यापुढं ताटली ठेवली की तो नुसता वास घ्यायचा, मान फिरवायचा आणि पायरीवर पाय ताणून पडायचा. दर रविवारी. ह्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला आणि कुत्रा रविवारचा उपास करतो असं ठरवून टाकलं. सांगलीत ह्यांची हळदीची अडत आहे. तिथं सौद्याला येणाऱ्या एकूण एक व्यापाऱ्याला ही गोष्ट ऐकावी लागली. देवळात सांगून झाली, लग्नाकार्यात सांगून झाली. ह्यांच्या एक लांबच्या आत्या तर मुद्दाम रविवार गाठून आल्या आणि पायरीवर घोरत पडलेल्या कुत्र्याला हात जोडून गेल्या.

आमच्या भिंतीला लागून सुभेदारांचं घर आहे. ते मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. फौजेतून निवृत्त झाल्यावर मुलीचं सासर जवळ म्हणून इथं येऊन राहिले. बायको गेल्यापासून स्वयंपाक हातानं करतात. आठवडाभर पिठलं नाहीतर आमटी, आणि रविवारी दुपारी मटण. रविवारी मी स्वयंपाकघराची त्या बाजूची खिडकी लावून घेते आणि हे जेवून झोपतात. हे झोपले की आमचा तपस्वी मागच्या दारानं बाहेर पडायचा आणि दोन तासांनी पोट तट्ट फुगवून परत यायचा. मग संध्याकाळी कशाला खातोय?

मला हे फार आधीपासून माहीत होतं. ह्यांना मी सांगितलं नाही. एक तर हे त्या उपासावर इतके खूश होते की सांगून काय साधणार होतं? आणि दुसरं म्हणजे सुभेदार एकटे जेवतात हे मला बघवत नव्हतं. आठवड्यातून एकदा तरी त्यांच्या पंगतीला कुणी बसत होतं.

कुत्रा म्हातारा झाला, डोळ्यांत मोतीबिंदू आला, पायऱ्या चढताना मागचे पाय घसरायला लागले. शेवटच्या आठवड्यात त्यानं खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्यात. हे म्हणाले, त्यानं आपणहून अन्न सोडलंय, हे कुत्र्याचं लक्षणच नव्हे. आमच्यात काही थोर माणसं अखेरीला अन्नपाणी सोडून देह ठेवतात, त्या रांगेत ह्यांनी त्याला नेऊन बसवलं. मी डॉक्टरांकडं बघितलं, डॉक्टर आपल्या बॅगेकडं बघत होते.

तो मंगळवारी सकाळी गेला. हे त्याच्याशेजारी जमिनीवर बसून त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणत होते. तो गेला तरी म्हणत राहिले. माझं सगळं हसू त्या वेळी आटलं. ह्यांना एकच घोर होता, त्याची गती चांगली व्हावी. इतक्या नेमानं जगलेला जीव, त्याचा शेवट नीट व्हावा, त्याला बोट लावायला जागा राहू नये.

सुभेदार आले, उंबऱ्यात उभे राहिले, टोपी काढली.

"आवं भाऊ, जावयाच्या उसाच्या बांधाला जागा हाय. तितं पुरू. सावली हाय चांगली."

"नको," हे म्हणाले. "खड्डा काढायचा म्हंजे मातीतलं किती जीव मरत्यात. त्येच्या नावावर ते पाप नको."

"आणि जाळताना?" मी विचारलं. ह्यांच्या तत्त्वज्ञानाला मधूनमधून टेकू लागतो म्हणून मी असे प्रश्न विचारते.

"सांगलीच्या पलीकडं जनावरांसाठी विजेची दाहिनी झालीय. लाकूड न्हाई, लाकडातली कीड न्हाई." म्हणजे ह्यांनी ते आधीच शोधून ठेवलं होतं. आठवडाभर "त्याला काय होतंय, उठेल की" असं मला सांगत होते आणि चोरून चौकशी करत होते.

तिथं फोन लावला. पलीकडच्या माणसानं वजन विचारलं. ह्यांचा सारा जन्म पोत्यांचं वजन नजरेनं ओळखण्यात गेलेला. हे कुत्र्याकडं बघत राहिले आणि काही केल्या आकडा सांगेनात. शेवटी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मध्यम आहे, म्हातारा होऊन हलका झालाय. दुपारी तीनची वेळ मिळाली. ह्यांनी देवळात जायचं आपलं पांढरं धूतवस्त्र काढलं आणि त्यात त्याला गुंडाळलं. सुभेदार तेवढ्यात कुठंतरी निघून गेले होते. ह्यांना ते लागलं. "गरजेला शेजारी नसायचा," असं पुटपुटत राहिले.

सुभेदार आले ते निघायच्या वेळेला, स्वतःची गाडी घेऊन. गाडी तेच चालवणार होते. त्यांच्या शेजारच्या सीटवर पंच्यात बांधलेला एक स्टीलचा डबा होता. गाडीत बसले आणि मला वास आला. ह्यांना सर्दी होती, की रडून नाक चोंदलं होतं, देव जाणे. उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती, मागच्या सीटवर आम्हा दोघांच्या मांडीवर कुत्रा होता आणि मी सबंध वाट त्या डब्याच्या गाठीकडं बघत होते. सुटू नये एवढंच म्हणत होते.

ती जागा स्वच्छ होती. पत्र्याची शेड, झाडं, एक बाकडं. तिथला माणूस हळू आवाजात बोलणारा होता. त्यानं कुत्र्याला ट्रेवर ठेवलं, दोन फुलं दिली आणि म्हणाला, "त्याच्या आवडीचं काही आणलं असलं तर शेजारी ठेवा. लोक ठेवतात."

ह्यांनी पिशवीतून दशमी काढली. तूप लावलेली, गुळाचा खडा वर ठेवलेला. ती त्याच्या तोंडाशी ठेवली. मग सुभेदार पुढं झाले आणि त्यांनी पंच्याची गाठ सोडली.

"ह्येबी ठिवू द्या, भाऊ."

"काय हाय?"

"मटान."

तिथला माणूस दोन पावलं मागं सरकला. त्याला बहुधा अनुभव असावा.

"सुभेदार," हे म्हणाले, "आमचा कुत्रा शाकाहारी होता."

"व्हय," सुभेदार म्हणाले. "तुमच्या घरात."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा तोंडावर जे काही आणायला पाहिजे होतं ते मला आणता आलं नाही.

"तुला म्हाईत होतं?"

"अहो, दर रविवारी पोट फुगवून येणारा उपासकरी मी तरी दुसरा पाहिला नव्हता."

मला वाटलं हे ओरडतील. हे ओरडले नाहीत. बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. मी शेजारी जाऊन बसले. मग म्हणाले, "मी त्येच्या कानात मंत्र म्हणलो. त्येला मी एवढा ओळखतो असं समजून म्हणलो." ह्यांना मटणाचं दुःख नव्हतं असं नाही, पण त्याहून मोठं हे होतं. इतकी वर्षं ज्याला आपला म्हटलं, तो आपल्याला पुरता माहीतच नव्हता.

सुभेदार डबा हातात धरून शेडच्या दारात उभे होते. फौजी माणूस, त्यांना अवघडून उभं राहायची सवय नाही.

"भाऊ, ऱ्हाऊ द्या मग. मी घिऊन जातो माघारी. तुमचा कुत्रा, तुमचा इचार."

 ह्यांनी एकदम मान वर करून विचारलं, "आज मंगळवार हाय न्हवं?"

"हाय."

"तुमी मंगळवारी शिवत न्हाई मटणाला. देवीचा वार पाळता."

"न्हाई शिवत," सुभेदार म्हणाले. "कवाच न्हाई. पर त्यो आज गेला. त्येला आता रविवार कुठला?"

सकाळी सुभेदार कुठं गेले होते ते ह्यांना आत्ता कळलं. स्वतःचा वार मोडून एकटा माणूस चुलीपुढं बसला होता. नेम म्हणजे काय असतो आणि तो मोडणं किती जड जातं, हे ह्यांच्याएवढं आष्ट्यात कुणाला कळणार? हे उठले. शेडमध्ये गेले. डब्याकडं बघितलं नाही, मान भिंतीकडं केली, आणि त्या पांढऱ्या वस्त्राचं टोक दोन बोटांनी उचलून धरलं.

"ठेवा," म्हणाले. "दशमीला लागू नको एवढं बघा."

सुभेदारांनी दशमीला न लावता ठेवलं.

राख मिळायला संध्याकाळ झाली. परतताना हे पुढं बसले, मडकं मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून. मी मागं. दिवस मावळला, आमची जेवायची वेळ टळली. पूल ओलांडून गाडी आष्ट्याच्या रस्त्याला लागल्यावर हे पुढं बघतच म्हणाले,

"हाड असायचं, का नुस्ता रस्सा?"

सुभेदारांनी आधी माझ्याकडं आरशातून बघितलं. "दोनी. हाड आदी."

"उभ्यानं खायचा?"

"बसून. पुढच्या दोनी पायांत धरायचा."

"घाई करायचा?"

"अजाबात न्हाई. लय सावकाश. मी जेवान सुरू करूस्तवर थांबायचा."

लग्नात शेजारच्या पंगतीत नुसतं अंडं म्हटलं तरी जागा बदलणारा हा माणूस. तो विचारत होता आणि सुभेदार सांगत होते, कुठलं हाड आवडायचं, उरलेलं कुठं पुरायचा, सुभेदारांना ताप आला त्या रविवारी चूल पेटली नाही तर कसा नुसताच खाटेखाली पडून राहिला. तेरा वर्षांतले सगळे रविवार ह्यांनी त्या रस्त्यावर मागून घेतले. मला भरून आलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी पहिल्यांदाच मी रडले.

"आनि खाऊन झालं की?" ह्यांनी विचारलं.

"झालं की बादलीत तोंड बुडवायचा. पार कानापत्तुर. मग अंग झटकून तुमच्याकडं निघायचा. मी शिकिवलं न्हाई, त्येचं त्येलाच."

 हे म्हणाले, "तोंड धुऊन यायचा. आमाला चालत न्हाई ते त्येला म्हाईत होतं."

सुभेदारांचा रस्सा किती तिखटजाळ असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तो खाल्ल्यावर कुणीही बादलीत तोंड घालेल, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण ह्यांचे दोन्ही हात मडक्याला धरलेले होते आणि डोळे पुसायलाही एक हात मोकळा नव्हता. मी मागून पदर पुढं केला आणि गप्प बसले.