धोंडप्पाचं वेगळं ताट

एकोणऐंशी साली सोलापुरात कोर्टाजवळच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात मालकांनी कागदाची हुबेहूब नक्कल काढणारं मशीन आणलं, आणि ते चालवायला गिरणीतला धोंडप्पा ठेवला. मशीन ते मशीन, मागाचं काय आणि कागदाचं काय, असा मालकांचा हिशेब. मी शेजारच्या टेबलावर अर्ज टाइप करायचो, त्यामुळे धोंडप्पाच्या सगळ्या तऱ्हा मला फुकटात बघायला मिळायच्या.

त्याचा थोरला भाऊ त्याच गिरणीत खोकत खोकत क्षयाने गेला होता. म्हणूनच धोंडप्पाने माग सोडला. "हितं तूस न्हाय, धूळ न्हाय. बसून काम की, अण्णा," असं तो मला आल्या आल्या सांगत होता.

माग सुटला, पण सवय सुटली नाही. गिरणीत मागावर बसलेली कापसाची तूस तोंडाने फुंकायची आणि पाळी संपली की कढत पाण्याने अंग धुवायचं. इथे मशीनमध्ये टोनर म्हणून काळी पूड भरावी लागे, पिठाहून बारीक. ती सांडली की हा लगेच फुंकर मारायचा, वर केरसुणी फिरवायचा. माझ्या चहावर काळा थर बसायचा. मी खेकसलो की हसायचा. मग स्टोव्हवर पाणी कढवून हात धुवायचा, तर पूड कातडीला आणखीच चिकटायची. माझा पारा रोज चढायचा.

दिवाळीच्या सुमारास हा हसायचा थांबला. एका दुपारी त्याची बायको शिवबाई डबा घेऊन आली आणि तो बाहेर गेलेला बघून माझ्यापाशी थांबली.

"अण्णा, यांचं काय बिनसलंय? ताट-तांब्या निराळा घेत्यात, स्वतःच घासत्यात. पोरगी मांडीवर आली तर ढकलत्यात. माझं काय चुकलं म्हणून इचारलं, तर त्वांड उघडत न्हाईत."

तो परत आल्यावर मी त्याला कोपऱ्यात घेतलं. त्याने खिशातला रुमाल उलगडून दाखवला. त्यावर काळा बेडका होता.

"भावाला रगत पडायचं. मला काळं पडतंय," तो म्हणाला. "माझं जाऊ द्या. पोरीला लागलं तर?"

मला इतका राग आला की मी त्याच पावली त्याला डॉक्टरकडे ओढत नेलं. फोटो काढला, बेडका तपासायला दिला. निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीसमोर धरला, माझाही जीव टांगणीला लागला.

"क्षय नाही. फुप्फुसं साफ आहेत. पण कामाला काय करता?"

मी पुडीचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मग तेच बाहेर पडतंय. खोकलाही त्यानेच. पूड श्वासात घेऊ नका. खोकला राहिलाच तर परत या."

मी रस्त्यातच जिलबी घेतली. धोंडप्पाने मात्र घरी ताट वेगळंच ठेवलं. डॉक्टरवर नाही, रुमालावर त्याचा विश्वास.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून मेकॅनिक आला. धोंडप्पाला फुंकर मारताना बघून त्याने कपाळावर हात मारला. "अहो, ही पूड उष्णतेनं वितळून कागदाला चिकटते. कढत पाण्यानं हाताला चिकटणारच. गार पाणी घ्या. सांडली तर ओल्या फडक्यानं टिपा, आणि खिडकी उघडी ठेवा." धोंडप्पा त्या दिवसापासून तसंच करू लागला.

हळूहळू खोकला गेला. एकदा दुपारी शिवबाई पोरीला घेऊन आली. धोंडप्पाने रुमाल उघडून आधी मला दाखवला, मग तिला. स्वच्छ होता. मग पोरीच्या हातातली उष्टी भाकरी घेऊन तो खाऊ लागला. मला फार बरं वाटलं.

मी तिला सगळं सांगितल्यावर शिवबाई भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत म्हणाली, "ते निराळं ताट आता घरात नगं मला."

दुसऱ्या दिवशी तो ते ताट दुकानात घेऊन आला. त्यात ओलं फडकं अंथरलं आणि पूड भरताना सांडेल तिथे, मशीनखाली सरकवलं.

"आता ही पूडच जेवंल यात," तो म्हणाला, आणि माझ्या चहावर झाकण ठेवलं.