गाव नसलेली टीम

"हा प्लेअर आहे की वेटर?" मॅनेजर ओरडला अन् अख्खं मैदान हसलं. मीही हसलो. आपल्यावर कोणी हसलं की आपणही हसून घ्यायचं, ही माझी जुनी खोड.

झालं असं. वाशिमला रग्बीच्या नव्या फ्रँचायझीची निवड चाचणी होती. फ्रँचायझी म्हणजे शेठ लोकांनी उभी केलेली टीम. तिला मालक असतो, गाव नसतं. कामरगावच्या आमच्या बौद्ध वस्तीतल्या क्लबाला गाव आहे, मालक नाही. सोयाबीन निघालं की त्याच वावरात खेळायचं. सायकलवाले रफिकचाचा कोच. त्यांचा नियम एकच, "ज्याले पाडलं त्याले हात देऊन उठवाचं, बे." मैदानातलं भांडण घरापर्यंत जाऊ नये म्हणून.

तर मी एका धिप्पाड शहरी गड्याला लोळवलं. झकास टॅकल! अन् सवयीनं हात पुढं केला. तोवर त्यानं चेंडू सोबत्याकडं ढकलला. सोबती माझ्या बाजूनं पळाला, रेषेपार चेंडू टेकवून गुणही घेऊन आला. मी आपला वेटरसारखा हात पुढं करूनच उभा.

मॅनेजरनं बाजूला घेतलं.

"आडनाव?"

सांगितलं. त्यानं मान हलवली. तशी हलणारी मान मी शाळेपासून ओळखतो.

"तुमच्या लोकांची स्टोरी चालते. टीममध्ये घेतो तुला. फक्त कॅमेऱ्यासमोर म्हण, आमच्या गावात काहीच नव्हतं, या टीमनं आम्हाला माणसात आणलं."

टीममध्ये! मी कॅमेऱ्यासमोर ते सगळं म्हणालो. खणखणीत म्हणालो.

"मस्त. आता जरा रडून."

रडू येईना. उन्हात शिट्टी फुंकणारे चाचा दिसायला लागले. तोंडातून निघालं, "आमचा क्लब होता ना."

"क्लबाचं तेवढं गाळ."

"कायले गाळू? होता. हाये."

"मग टीम विसर."

"विसरलो."

मोठ्या ऐटीत निघालो. बूट तिथंच विसरून. पण पहिलं रेकॉर्डिंगही तिथंच राहिलं. आता जेवताना, एसटीत, वावरात माझाच आवाज मागून येतो. माणसात आणलं. कोणाच्या मोबाइलवर रग्बी लागली की वाटतं, आता माझा व्हिडिओ येणार. हात जोडून तिथून उठतो.

"काहून बे, भूत पाह्यलं का?" चाचा विचारतात.

पाहिलं. त्याला माझंच तोंड आहे.

खुशाल दाखवा, शेठ, तो व्हिडिओ. जिथं दाखवाल तिथं येईन. पडद्यासमोर उभा राहून सांगीन, हा माणूस खोटं बोलून राह्यला. मी ओळखतो त्याले.