वाचून दाखवले, समजले, मान्य

आईनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडला तेव्हा मी सातवीत होतो. तिचं माहेर सीमेपलीकडं कर्नाटकात, आम्ही सोलापुरात. मामा आला, तिला कोर्टाकडं घेऊन गेला. परत आली तेव्हा तिच्या हातात हिरवं इरकली लुगडं होतं आणि अंगठ्याला शाई होती. पुढं त्या जमिनीत मामाचा ऊस उभा राहिला, मग बंगला. मी नवी पेठेत एका कापडदुकानात गठ्ठे उचलून कॉलेज केलं.

वकील झाल्यावर मी पहिलं काम केलं ते त्या कागदाची नक्कल मिळवण्याचं. कागद कन्नडमध्ये. खाली नोटरीचा शिक्का, सही आणि वर एक ओळ : वाचून दाखवले, समजले, मान्य. आईला अक्षर वाचता येत नव्हतं. ही ओळ खोटी आहे असं मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. तो नोटरी तेव्हा हयात होता. बाररूममध्ये खिडकीशी बसायचा, मला पाहून मान हलवायचा. मी त्याला एकदाही नमस्कार केला नाही.

नोटरी व्हायचं ठरवलं ते या रागापोटी. वकिलीची ठरावीक वर्षं भरल्यावर अर्ज केला. अर्जावर गावातल्या मातब्बरांच्या सह्या लागत, त्यात एक व्यापारी हवा होता. मी माझ्या जुन्या मालकाकडं गेलो.

"सही करतो की," ते म्हणाले. "पण माझे भाडेकरारांचे कागद जन्मभर फुकट."

"दोन वर्षं."

"पाच."

"तीन. आणि चहा तुमचा."

त्यांनी पेन उघडलं. "गठ्ठे उचलतानापण अशीच घासाघीस करायचास लेका."

नेमणूक यायला बराच काळ गेला. ती आली तेव्हा आई नव्हती.

सोलापूरच्या नोटरीकडं परराज्यात जाणारे कागद बरेच येतात. विणकामातल्या तेलुगू घरांची तेलंगणात जागा असते, आमच्यासारख्या कन्नड-मराठी घरांची सीमेपलीकडं शेती. तिकडच्या कचेरीतल्या माणसाला सही करणारी बाई दिसत नाही. तिला मी पाहिलंय, एवढ्यावर तो विसंबतो. बाकीच्या नोटरींनी त्या ओळीचा रबरी शिक्का करून घेतला, मी नाही. मी ती हातानं लिहितो, आणि कागद वाचून दाखवल्याशिवाय लिहीत नाही. घाईतली गिऱ्हाइकं शेजारच्या टेबलाकडं जातात. जाताना माझ्या चार शिव्या ऐकून जातात.

गेल्या वर्षी नागपंचमीच्या पंधरा दिवस आधी सोलापूरजवळच्या कुंभारी गावची एक बाई आली. साठीची, टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारी. सोबत धाकटा भाऊ, सीमेपलीकडच्या गावाहून आलेला. त्याच्या पिशवीतून नव्या साडीचा काठ दिसत होता. तो बघूनच माझं डोकं फिरलं.

कागद म्हणजे प्रतिज्ञापत्र होतं. वडील वारले, त्यांच्या चार एकरांवर एकट्या भावाचं नाव लावायला बहिणीची हरकत नाही. कायद्यानं हक्क असा सुटत नाही, त्याला नोंदणीच लागते. पण एकदा उताऱ्यावर भावाचं नाव चढलं की कुठली बहीण कोर्टात भांडायला जाते?

मी तिला कन्नडमधून ओळ न ओळ वाचून दाखवली. मग विचारलं, "मावशी, यात तुमचं नाव कुठंच राहत नाही. कळलं का?"

"व्हय."

भाऊ म्हणाला, "अक्काला समदं सांगितलंय, वकीलसाहेब. तुमी शिक्का मारा की."

"शिक्का माझा आहे. कधी मारायचा ते मी बघतो. एक एकर तिच्या नावावर ठेव."

"ते कसं जमंल? तोडून देन्याजोगा एकर एकच, विहीर त्यातच हाय."

"पाणी तू घे. जमीन तिची."

"साहेब, मला दोन पोरं हायती."

"तिला काय मांजरं आहेत?"

माणूस कुठं वाकतो ते मला कळतं, ते मी पेठेत शिकलो. शेजारचं टेबल त्या दिवशी रिकामं होतं. दुसरा नोटरी शोधायचा तर त्याला आजची गाडी चुकणार होती, त्याचं लक्ष सारखं घड्याळाकडं होतं. मी घड्याळाकडं पाठ करून बसलो. एकराचा अर्धा एकर झाला. "विहिरीलगतचा अर्धा एकर सोडून," त्यानं शेवटी मान खाली घालून म्हटलं. मी समासात तेवढे शब्द कन्नडमध्ये लिहिले. आईसाठी कुणी केलं नाही ते मी केलं, असं मला त्या वेळी वाटत होतं.

बाई इतका वेळ भावाच्या तोंडाकडं बघत होती. पेन पुढं केलं तर तिनं ते घेतलं नाही.

"आता लिवलं ते खोडा."

"का?"

"खोडा म्हनते की."

मी चिडलो. "अहो, तुमच्यासाठी तासभर भांडलो मी."

"मी कुटं सांगितलं हुतं भांडायला?" ती शांतपणे म्हणाली. "कारखान्यात वरीसभर उभी असते. पंचमीला चार दिस हा न्यायला येतो, तितं मी कुनाची तरी लेक असते. अर्दा एकर मला न्यायला येनार हाय का?"

"तुमच्या मुलांचं काय?"

"त्यास्नी विचारूनच आलेय. लई वर्सं विचार केलाय, वकीलसाहेब. तुमचा आत्ता कुटं तास झाला."

तिला सगळं कळत होतं, कुणी धमकावलं नव्हतं, आणि ती माझ्यासमोर बसली होती. कायदा मला एवढंच विचारतो. मी समासातल्या शब्दांवर रेघ मारली. खाडाखोडीशेजारी नोटरीची लहान सही लागते, ती केली. तिनं तीन अक्षरांची आपली सही हळूहळू काढली.

साडीची पिशवी तिनं स्वतःच उचलली. "तम्मा," ती भावाला म्हणाली, "आदल्या दिशी सकाळीच ये. उशीर केलास तर मी येस्टीनं येनार न्हाय, सांगून ठेवते."

"येतो की अक्का." त्याचे डोळे भरले होते. खोटे होते असं म्हणायला मला आवडलं असतं.

ते गेल्यावर मी पेन घेतलं. वाचून दाखवले, समजले, मान्य. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

माझा मामाही दर पंचमीला यायचा. आई खाटेला खिळली त्या वर्षीसुद्धा आला, रिकामा परत गेला. हिरवं लुगडं ती दरसाल त्याच दिवशी नेसायची. मामानं काय घेतलं याचा हिशेब मी चाळीस वर्षं जपला, त्यात हे कधी धरलं नाही. तिला विचारलंही नाही. तिच्या वतीनं चिडणं मला सोपं गेलं.

मामावरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. पण त्या दिवशी दुपारी मी बाररूममध्ये गेलो. त्या जुन्या नोटरीची खिडकीजवळची खुर्ची कधीच दुसऱ्या कुणाची झाली होती. तिथं एक अनोळखी वकील डबा खात होता. त्यानं मान वर केली. मी त्याला नमस्कार केला.