विंचवर नायलॉन, हाताला ग्रीस

भुताखेतांच्या गोष्टी मी स्वयंपाक करता करता ऐकते आणि कुकरची शिट्टी झाली की विसरते. मी याद्या करणारी बाई. लग्न असो की लोणचं, आधी कागद. पण माहेरी घडलेला हा प्रकार कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून तुमच्यासमोर ठेवते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, नाकाडोंगरीच्या अलीकडे. धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, लग्न सिहोऱ्याला ठरलं होतं आणि होणाऱ्या व्याह्यांनी आपला नवा ट्रॅक्टर आपणहून आमच्या भाताच्या चिखलणीला पाठवला होता. संध्याकाळी ते स्वतः न्यायला येणार होते. बाबांना वाटलं, पाहुण्यांची वस्तू धुऊन द्यावी. म्हणून बैल नेतात तसा त्यांनी तो सरळ बोडीत, म्हणजे शेतातल्या लहानशा तळ्यात, उतरवला! मागची चाकं अर्धी चिखलात गेली.

कुसुम रडायला लागली. "ट्रॅक्टर नाही सांभाळता आला यांले, पोरीले काय वळण लावलं असन, म्हणतील. सोयरीक मोडते आता."

काकांनी लाकडं कापायच्या आरा मशीनवरून ओंडके ओढायची हातविंच आणली आणि बांधावरच्या मोहाच्या झाडाला साखळीनं बांधली. विंचचा ड्रम रिकामा, त्यावर दोर आपला लावायचा. इथून भांडण सुरू. काकांकडे नागपूरहून आणलेला नायलॉनचा दोर, बाबांकडे खाणीच्या भंगारातली जाड लोखंडी वायर.

"दादा, वायर तुटली त तंगडी उडवन," काका म्हणाले.

"अन् तुहा नायलॉन? रबरासारखा लांबते. आपण इकडं फिरवत राहू, ट्रॅक्टर तिकडं झोपून राहीन."

"हलका त आहे! तुह्या वायरीले उचलाले चार गडी लागतेत."

"तुले उचलाले किती लागतेत ते पाय आधी!"

मी जुन्या पाकिटाच्या मागे लिहिलं. नायलॉन – हलका, हाताला मऊ, पण ताणतो, शिवाय उन्हाळाभर छपरावर पडून कमजोर झालेला. वायर – जड, ग्रीसनं माखलेली, पण ताणत नाही. "वायर," मी सांगून टाकलं. काका फुगले, पण हँडलवर आले.

काकांनी धरलेली वायर मी माझ्या हातांनी ड्रमवर चढवली, हूक ट्रॅक्टरला लावला, तुटली तर उसळू नये म्हणून मधोमध ओलं गोणपाट टाकलं. नायलॉनचं वेटोळं बैलगाडीत पडलेलं. भर दुपार, लख्ख ऊन. बाबा स्टिअरिंगवर, हँडलवर मी आणि काका, भोवती निम्मं गाव सल्ले देत उभं.

ओढ बसली... वायर कुरकुरली. तो आवाज मी ऐकला. मग चिखलानं चाकं सोडली आणि ट्रॅक्टर हळूहळू बांधावर आला. टाळ्या! मी दोर सोडवायला वळले...

ड्रमवर नायलॉन होता. ओला, चिखलानं भरलेला, नीट वेढे घेतलेला. गोणपाट त्याच्याच वेढ्यात अडकलेलं. वायर बैलगाडीत, कोरडी, वेटोळं करून ठेवलेली.

"काका, तुम्ही बदलला?"

"मी? मी त तुह्याच बाजूले हँडल फिरवून राहिलो होतो न वो बाई!"

खरंच होतं. आणि आम्हा दोघांचेही तळवे ग्रीसनं काळेकुट्ट झाले होते.

एवढ्यात व्याही सायकलवरून उतरले, ठरल्यापेक्षा लवकर. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, विंच पाहिली.

"फसला होता का?"

बाबांचा चेहरा उतरला. "हो. धुवाले नेला होता."

"मंग काढला कायनं?"

"वायरनं!" बाबा.

"नायलॉननं!" काका.

"लावली वायर होती, निघाला नायलॉन," मी.

व्याही असे हसले की सायकल आडवी झाली. "ट्रॅक्टर... धुवाले! अन् मी घाबरून राहिलो होतो, तुमचं घर लय कडक आहे म्हणून. चला, सूनबाईच्या हातचा चहा पाजा."

'सूनबाई' ऐकलं आणि बाबा मटकन बांधावर बसले.

लग्न थाटात झालं. कोणी गुपचूप दोर बदलला म्हणावं, तर निम्म्या गावाच्या डोळ्यांदेखत कसा? आम्हालाच भास झाला म्हणावं, तर ग्रीस कुठून आलं? बाबा शेवटपर्यंत वायर म्हणत राहिले, काका नायलॉन. मला एवढंच ठाऊक आहे – वायर मी लावली होती आणि ट्रॅक्टर नायलॉननं निघाला. दोन्ही खरं आहे. कसं, ते मला विचारू नका.