वीस दिवसांचा उशीर

माझी आई ब्लाउज शिवायची. बंगळुरात के. आर. पुरममध्ये आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं, आणि आजूबाजूच्या चार-पाच गल्ल्यांतल्या बायका तिला अक्का म्हणायच्या. आम्ही घरात मराठी बोलायचो, पण कितीतरी पिढ्या इथंच गेल्यामुळे आईला राग आला की तो निम्मा कन्नडात यायचा. वडील वारले होते. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात टायपिस्ट होते आणि रोज दोन बस बदलून कामाला जायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हा पीण्यापर्यंतच्या प्रवासात माणसाची एक झोप सहज व्हायची.

शेजारचा प्लॉट एका नव्या माणसानं विकत घेतला आणि आमची पुढची खोली त्याच्या जागेत येते असा दावा लावला. मोजणीदारानं हद्दीचा म्हणून भलत्याच दगडापासून मोजलं, आमचा पहिला वकील दोन तारखांना फिरकलाच नाही, आणि मुन्सिफ कोर्टाचा निकाल आमच्या विरुद्ध गेला. खोली पाडून जागा शेजाऱ्याच्या ताब्यात द्यायची असा हुकूम झाला. खोली गेली म्हणजे मशीन गेलं, आणि मशीन गेलं म्हणजे आईचं सगळंच गेलं. माझ्या पगारावर दोघींचं पोट भरलं असतं, पण दुसऱ्याच्या मिळकतीवर बसून खाणं आईला एक दिवससुद्धा जमलं नसतं.

अपील तीस दिवसांत करायचं होतं. नव्या वकिलांनी कागद तयार केले, पण ते सहीसाठी घरी आले तेव्हा आषाढ लागून दोन दिवस झाले होते.

"आषाढात नवं काम सुरू करायचं नाही," आई म्हणाली. "श्रावण लागू दे."

आमच्याकडे आषाढात कोणी लग्न ठरवत नाही, घर बदलत नाही, नवं गिऱ्हाईकसुद्धा पहिलं कापड टाकायला येत नाही. जुन्यांची कामं तेवढी चालू राहतात. पण आईच्या हट्टामागे आणखी एक कारण होतं. वडिलांनी त्या खोलीचा पाया सगळे नको म्हणत असताना आषाढातच घातला होता. ही कोर्टकचेरी त्याचंच फळ आहे असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी भांडले, रुसले, दोन दिवस डबासुद्धा नेला नाही. तिनं ढिम्म ऐकलं नाही. मुदत आषाढाच्या मधोमध संपली, सही श्रावणाच्या पहिल्या दिवशी झाली आणि कागद कोर्टात दाखल व्हायला आणखी आठवडा गेला.

मग वकिलांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की नुसतं अपील दाखल केल्यानं खालचा हुकूम थांबत नाही, त्यासाठी वेगळी स्थगिती मागावी लागते. आणि आमचं अपील उशिराचं असल्यामुळे आधी उशीर माफ व्हायला हवा, तोवर स्थगितीचा विचारसुद्धा होणार नाही. इकडे शेजाऱ्यानं अंमलबजावणीचा अर्ज करून वॉरंट काढलं होतं. सोमवारी सकाळी कोर्टाचा अमीन माणसं घेऊन खोली पाडायला येणार होता. आमची सुनावणी त्याच्या आधीच्या गुरुवारी होती.

"उशिराचं कारण कावीळ लिहू," वकील म्हणाले. "डॉक्टरांचा दाखला मिळवतो मी. सगळे असंच करतात."

मला ते लगेच पटलं. दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या मशीनवर मी आईची कावीळ इंग्रजीत टाइप केली. चांगली झाली होती. अशक्तपणा, पथ्य, अंथरुणाला खिळणं, काही म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. घरी येऊन तिला मराठीत वाचून दाखवली. आई शेवटपर्यंत ऐकत होती. मग उठून मापाची वही घेऊन आली.

या वहीत रोजची तारीख घालून ती प्रत्येक बाईचं माप लिहायची, छाती, खांदा, बाही, गळा. ज्या दिवशी माप नसेल त्या दिवशी कुठला ब्लाउज बेतला ते लिहायची. पान कोरं कधी सोडायची नाही.

"हे बघ, या दिवशी मी आजारी म्हणतेस ना? त्या दिवशी शाळेतल्या टीचरचं माप घेतलंय. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचं. मग त्या बायकांनी काय कावीळ झालेल्या बाईकडून मापं काढून घेतली?"

"आई, त्या कशाला येतायत कोर्टात?"

"त्या नाही येणार. पण वही इथंच आहे ना? रोज तिच्यात लिहायचंय मला. आषाढ होता म्हणून सही केली नाही, असं लिही."

"जज्ज हसतील."

"हसू देत की. स्वल्प हसले तर काय होतं?"

ते प्रतिज्ञापत्र टाइप करताना मला इतकी लाज वाटली की शेजारच्या टेबलावरचा क्लार्क वाकून बघेल म्हणून मी कागदावर हात धरून बसले होते. वकिलांनी वाचून कपाळावर हात मारला, पण आई दुसऱ्या कशावर सही करेना.

गुरुवारी आई धुवट सुती साडी नेसून, वही पिशवीत घालून कोर्टात आली. शेजाऱ्याचे वकील बोलायला पक्के होते. आषाढ हे काही कायद्यातलं कारण नाही, अशांना माफी दिली तर मुदतीला अर्थच उरणार नाही, आणि उशिरातल्या एकेका दिवसाचा खुलासा द्यावा लागतो, तो यांनी कुठं दिलाय, असं त्यांनी विचारलं. आमचे वकील पुटपुटत उभे राहिले. उशीर फक्त एकोणीस दिवसांचा आहे, असं काहीतरी ते म्हणाले.

मागच्या बाकावरून आई उठली. मी तिचा पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"स्वामी," ती कन्नडात म्हणाली, "एकोणीस नाही. वीस."

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. जज्जांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "वीस कशावरून?"

तिनं पुढे जाऊन वही दिली. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कागद दाखल झाला त्या दिवसापर्यंत तिनं पानांना दोऱ्याच्या खुणा घातल्या होत्या. जज्जांनी एकेक पान उलटलं. वीस पानं होती. रोजचं माप होतं, आणि शेवटच्या पानावर मापाखाली लिहिलं होतं, आज कोर्टात कागद दिला. त्यांनी कारकुनाला दिवस पुन्हा मोजायला लावले. आमच्या वकिलांच्या ऑफिसनं एक दिवस कमी धरला होता.

"या जागेवर बसून मी उशिराची शेकडो कारणं ऐकली," जज्ज म्हणाले. "स्वतःच्या विरुद्ध एक दिवस वाढवून देणारं माणूस आज पहिल्यांदा पाहतोय." मग त्यांनी आईलाही सोडलं नाही. कायद्याला आषाढ कळत नाही, पुढच्या वेळी कळणार नाही, हे लक्षात ठेवा, असं त्यांनी बजावलं. पण ही बाई ना आळशी आहे ना खोटारडी, आणि वीस दिवसांपायी तिचं म्हणणं न ऐकताच खोली पाडणं बरोबर नाही, असं म्हणून त्यांनी उशीर माफ केला. अपील सुनावणीला घेतलं आणि खोलीत कसलाही फेरफार करायचा नाही या अटीवर अंमलबजावणीला स्थगिती दिली.

बाहेर आल्यावर मी आईच्या गळ्यात पडून रडले. मला तिचा अभिमान वाटत होता आणि माझ्या त्या सुंदर काविळीची शरम वाटत होती. आई म्हणाली, "सरी, बरं, चल आता, दोन बाह्या लावायच्या राहिल्यात."

सोमवारी अमीन आला. सोबत पहारी घेतलेले दोघे होते. आई मशीनवर होती. तिनं पाय न थांबवता स्थगितीची प्रत पुढे केली. त्यानं वाचली, माणसांना परत पाठवलं आणि दारात उभं राहून खोली एकदा नीट पाहिली. आईनं त्याला पाणी विचारलं. तो पाणी पिऊन गेला.

अपील पुढे बरंच चाललं. वरच्या कोर्टानं पुन्हा मोजणी करायला लावली, या वेळी खऱ्या दगडापासून, आणि आमची भिंत आमच्याच हद्दीत हातभर आत निघाली. निकाल आमच्या बाजूनं लागला. त्याची प्रत घ्यायला मी आईला घेऊन गेले तेव्हा रजिस्टरमध्ये सही कुठं करायची ते कारकुनानं बोटानं दाखवलं, आणि मी पेन पुढे न करता हातातच धरून ठेवलं. आषाढ चालू होता.

मी हळूच म्हटलं, "आई, श्रावणात येऊ या का परत?"

"कशाला?" तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. "यात नवं काय आहे? खोली पहिल्यापासून आपलीच आहे."